तेरा फटींचं पिंप

कार्यालयीन बैठकीत काही वाक्यं उच्चारू नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. 'बघू', 'विचार करायला हवा', 'मागच्या वेळी काय केलं होतं?' ही वाक्यं चालतात. त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण 'त्यात काय एवढं?' हे वाक्य मात्र माणसाने घरी, दार लावून, स्वतःशीच म्हणावं.

मी ते भर बैठकीत म्हणालो. इतिवृत्तात ते माझ्या हुद्द्यासकट नोंदलं गेलं.

मी वस्तुसंग्रहालयात आवक-जावक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे एक टेबल, दोन नोंदवह्या, एक शिक्का आणि मी. आलेलं पत्र आलं असं लिहायचं आणि गेलेलं पत्र गेलं असं लिहायचं, हे काम मी एकोणीस वर्षं बिनचूक केलं आहे. त्यापलीकडे काही करण्याची मला गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर संग्रहालयालाही नव्हती.

पण नव्या संचालिकाबाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळी दालनं फिरून 'हात लावू नये' अशा पाट्या मोजल्या. एकशे चौदा भरल्या. बाई म्हणाल्या, "एक तरी दालन असं हवं, की हात लावल्याशिवाय तिथे काही दिसणारच नाही." मग कोपऱ्यातली एक खोली रिकामी झाली, रंगवली गेली आणि तिच्या मधोमध ठेवायला एक पिंप मागवलं गेलं. पिंप म्हणजे पाण्याचं नव्हे. बाईंनी बैठकीत त्याचा फोटो दाखवला. वरून उघडं, गोल, आणि त्याच्या भिंतीला उभ्या बारीक फटी. फटींच्या खाली आतून चित्रांची पट्टी लावायची. चित्रं एकाच माणसाची, पण प्रत्येकात तो किंचित पुढे सरकलेला. पिंप हाताने फिरवायचं, फटींतून पलीकडची चित्रं बघायची, की चित्रातला माणूस चालायला लागतो. वीज नाही, पडदा नाही, काही नाही.

"अडचण अशी आहे," बाई म्हणाल्या, "की ज्यांना ऑर्डर दिली ते म्हणतात चार महिने लागतील. आणि आपलं उद्घाटन तीन आठवड्यांवर आहे. पत्रिका गेल्यात."

पत्रिका गेल्याचं मला माहीत होतं. मीच त्या 'गेल्या' असं लिहिलं होतं. खोलीत शांतता पसरली. मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? एक डबा, बारा फटी, बारा चित्रं. घरी होईल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. ते मला आवडलं, हे मी नाकारत नाही.

*

घरी गेल्यावर मी बायकोला विचारलं, "आपला पिठाचा मोठा डबा रिकामा आहे का?"

"पिठाचा डबा कधी रिकामा असतो का?" ती म्हणाली. पण सरकारी काम म्हटल्यावर तिने डबा दिला. पीठ कपडे भिजवायच्या बादलीत गेलं, आणि कपडे तीन आठवडे कुठे भिजले हे मी विचारलं नाही.

आमच्या घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासरे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. त्यांनी आखलेली रेघ केसासारखी असायची म्हणे. आता ते दाराजवळच्या खुर्चीत बसतात. चार वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून कप अर्धाच भरायचा आणि पेन्सिल समोर ठेवायची नाही, असा घरातला नियम आहे. बँकेने त्यांची सही दोनदा परत पाठवली, तेव्हापासून ते अंगठा लावतात. अंगठा लावताना खिडकीबाहेर बघतात.

त्यांच्यात आणि माझ्यात भांडण नाही. बोलणं नाही, एवढंच. जे काही असेल ते बायकोमार्फत. एकाच खोलीत, चार फुटांवर बसून ते म्हणतात, "त्यांना सांग, पंखा कमी करा म्हणावं." मी म्हणतो, "त्यांना सांग, केला." एकदा बायको दोन दिवस बहिणीकडे गेली होती, तेव्हा आम्ही दोघांनीही आपापले निरोप साठवून ठेवले आणि ती आल्यावर एकदम दिले. त्यातला एक निरोप गॅस बंद करण्याबद्दलचा होता.

डबा मी पत्रेवाल्याकडे नेला. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं: फटी बारा, सारख्या अंतरावर. दोन दिवसांनी डबा आला. फटी सुबक होत्या, कडा घासलेल्या होत्या. मी मोजल्या. तेरा.

"साहेब, आखणी करताना लक्षात आलं," पत्रेवाला म्हणाला, "की तेरा जास्त छान बसतात. एक माझ्याकडून, घरचा माणूस म्हणून."

भेट म्हणून मिळालेल्या फटीचं काय करायचं असतं, ते मला माहीत नव्हतं. मी आभार मानले.

डबा घरी आणला तेव्हा सासऱ्यांनी त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "त्यांना विचार, चाळण केलीय का?"

डब्याच्या बुडाला मी एका जुन्या पंख्याची बेअरिंग बसवली. डबा फिरला, गिरकी घेतल्यासारखा. मी वाकून फटीतून पाहिलं. मला दिसलं ते माझंच तोंड, अतिशय वेगाने. डबा बाहेरून चकचकीत होता, आणि तो काळा असायला हवा, नाहीतर फटीतलं काही दिसत नाही, हे मला नंतर कळलं. ते कळवायला शेजारचे हवामानकाका आले. हवामानकाका वेधशाळेतून निवृत्त झाले आहेत. चौतीस वर्षांचा अंदाज वर्तवण्याचा अनुभव आहे, आणि तो आता त्यांना कुठेच वापरता येत नाही, म्हणून ते आमच्याकडे येतात.

"काळा ऑइलपेंट मार," ते म्हणाले. "आज हवा कोरडी आहे. दोन तासांत वाळतो."

मी रंग दिला. दोन तासांनी काका स्वतः बघायला आले. डोळा फटीला लावून त्यांनी डबा फिरवला, "वा, वा," म्हणाले आणि बँकेत गेले. तिथून परत आले तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर एकेक काळा पट्टा होता. बँकेत त्यांना कुणी काही बोललं नाही, असं ते म्हणाले. मला ते खरं वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अधिकार पाहून मीही बोललो नसतो.

*

रंग वाळेपर्यंत मी चित्रं काढली. मला चित्रकला येत नाही, पण मी व्यवस्थित आहे. पुठ्ठ्यातून एक माणूस कापला, त्याला फिरते हातपाय लावले, आणि तोच बारा वेळा गिरवला. बाराही वेळा डोकं तेच, धड तेच, टोपीचा कोन तोच. फक्त पाय पुढे-मागे. पट्टी पिंपात लावली आणि फिरवली.

माणूस चालला. आणि चालता चालता बाजूला सरकायला लागला. डावीकडे जाऊन तो दिसेनासा झाला, त्याच्या मागून दुसरा आला, तोही गेला.

"हा कामावरून पळून चाललाय," हवामानकाका म्हणाले.

कारण साधं होतं. फटी तेरा आणि चित्रं बारा. दोन्ही सारखी असली तरच माणूस जागच्या जागी चालतो. पत्रेवाल्याच्या भेटीने माझ्या माणसाला गावभर फिरायला लावलं होतं. आता जास्तीची फट बुजवून चालणार नव्हतं, सगळं अंतर बिघडलं असतं. मी चित्रं तेरा केली. माणूस जागेवर थांबून चालायला लागला. मी समाधानाने कार्यालयात गेलो आणि नोंदणी विभागात अर्ज केला.

नोंदणीसाहेबांनी अर्ज वाचला. ते हळू वाचतात, कारण वाचताना चूक सापडेपर्यंत ते पुढच्या ओळीवर जात नाहीत.

"बैठकीत मंजुरी बारा चित्रांची आहे," ते म्हणाले. "हे तेरावं कुठून आलं?"

मी पत्रेवाल्याची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि चित्र क्रमांक तेरासाठी स्वतंत्र अर्ज करायला सांगितला, सोबत ते आवश्यक का आहे याचं टिपण जोडून. मी जोडलं. मग दुसरा प्रश्न निघाला: पिंपाची नोंद कशात करायची? संग्रहालयात आलेली प्रत्येक गोष्ट एक तर 'वस्तू' असते, नाही तर 'फर्निचर'. वस्तू म्हणून नोंदली तर नियम सातप्रमाणे तिला कुणीही हात लावायचा नाही. फर्निचर म्हणून नोंदली तर तिच्यावर बसता आलं पाहिजे.

"बसून बघू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले, आणि पिंप उलटं करून बघायला लागले. खाली बेअरिंग दिसली. "हे काय?"

"जुन्या पंख्याची बेअरिंग."

त्यांचा चेहरा उजळला. पिंपाची नोंद 'पंखा, हाताने चालणारा, हवा न देणारा' अशी झाली. त्यानंतर आठवड्याभरात वीज विभागाने मला दोनदा पत्र लिहून वायर कुठे आहे असं विचारलं. ती दोन्ही पत्रं मी 'आली' असं लिहून ठेवली आहेत.

संचालिकाबाईंनी पिंप फिरवून पाहिलं ते उद्घाटनाच्या दहा दिवस आधी. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मी स्तुतीसाठी योग्य असा चेहरा करून उभा होतो.

"चालतोय," त्या म्हणाल्या. "पण आत कुणी नाहीये हो."

मी दोनदा वाकून पाहिलं. तो आत होता. तेराही वेळा होता. पण बाई म्हणाल्या ते संध्याकाळपर्यंत डोक्यातून जाईना. पिंप घरी परत आणलं आणि पट्टी टेबलावर पसरली, तेव्हा मला पहिल्यांदाच दिसलं, की तो चालत नव्हता, त्याचे पाय कात्रीसारखे उघडत आणि मिटत होते. मी पट्टी तशीच टाकली आणि जेवायला बसलो. कुणी काही विचारलं नाही. माझा चेहरा तसा असला की आमच्या घरात कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा घेऊन टेबलाशी गेलो तर सातव्या चित्रातल्या माणसाचा गुडघा खोडून दुसऱ्या पेन्सिलने पुन्हा काढलेला. खांदाही थोडा उतरवलेला. रेघ अशी वाकडीतिकडी, की जणू कुणी धावत्या गाडीत बसून काढली होती.

मी बायकोला हाक मारली. "माझ्या चित्राला हात कुणी लावला?"

तिने खुर्चीकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही?"

सासरे खिडकीबाहेर बघत होते. "त्यांना सांग," ते म्हणाले, "गुडघा तसा वळत नसतो."

मला राग आला. एकोणीस वर्षं माझ्या नोंदवहीत एक खाडाखोड नाही. चित्राची काय नासाडी झाली ते सिद्ध करून दाखवावं म्हणून मी पट्टी पिंपात लावली, बायकोला आणि नुकत्याच आलेल्या हवामानकाकांना समोर उभं केलं आणि पिंप फिरवलं.

माणूस चालत होता, कात्रीसारखा. आणि दर फेरीत एकदा, निमिषभर, तो दचकत होता. मागून कुणीतरी हाक मारल्यासारखा. त्या एका क्षणी त्याला वजन होतं, गुडघा होता, घाई होती. पुढच्या क्षणी तो पुन्हा पुठ्ठ्याचा व्हायचा.

"अरे," काका म्हणाले, "हा मधूनच जिवंत होतो की!"

बायकोने वाकून फटीला डोळा लावला. ती बघत राहिली. मग वळून म्हणाली, "बाबा, तेराही तुम्हीच काढा."

"हात बघ माझा."

"बघितला. त्यानेच तर होतंय."

"त्यांना सांग," सासऱ्यांचा आवाज चढला, "चार लोकांत चेष्टा करून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही."

आता बोलायची पाळी माझी होती. बायको माझ्याकडे बघत होती, काका पिंपाकडे बघत असल्याचं दाखवत माझ्याकडेच बघत होते. मी बायकोला म्हणालो, पण ते सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "त्यांना सांग, मला जमत नाहीये."

हे वाक्य मी कार्यालयातही कधी उच्चारलेलं नाही. फिरणारं पिंप हळूहळू थांबलं.

"जाड कागद आणा म्हणावं," सासरे म्हणाले. "आणि मऊ पेन्सिल. ती कडक नको."

*

चार दुपारी त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. मधूनमधून खोडरबर झटकल्याचा आवाज यायचा. बायको चहा दाराबाहेर ठेवायची. तो अर्धा कपच असायचा, पण नंतर पूर्ण संपलेला असायचा. पाचव्या दिवशी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून बाहेर आली.

"घरी उघडू नका म्हणावं," निरोप आला. "पिंपातच बघा."

पिंप तोवर संग्रहालयात होतं, नोंदणी विभागाच्या ताब्यात, वर कागद चिकटवून सीलबंद. पंख्याला सील का लागतं, असं मी विचारलं होतं. वायर नसलेल्या पंख्याला लागतं, असं उत्तर मिळालं होतं. उद्घाटनाच्या सकाळी पट्टी बसवायला सील पाच मिनिटं उघडणार होतं.

त्या सकाळी मला सील उघडेपर्यंत धीर धरवला नाही. कार्यालयात पोचताच मी टेबलाच्या आड पुडकं सोडलं. आणि माझं अवसान गळालं. तेरा चित्रं होती, पण त्यांतली एकही रेघ सरळ नव्हती. प्रत्येक चित्रात एक माणूस एका पायावर उभा, कुठे मोठा, कुठे लहान, वेडावाकडा. तो लाथ मारतोय, नाचतोय की त्याला विंचू चावलाय, काहीच कळेना. मोठे पाहुणे यायचे होते. शिक्षण खात्याचे अधिकारी, पत्रकार. सासरे स्वतः यायचे होते. न्हावी घरी बोलावून त्यांनी सकाळीच दाढी करून घेतली होती.

लोक हसतील, मी स्वतःशी म्हणालो. म्हाताऱ्या माणसाची शोभा होईल. त्यांच्यासाठीच हे करायला नको. ही विचारसरणी मला फार उदात्त वाटली. सील उघडलं, तेव्हा माझ्या खिशात त्यांची पट्टी होती आणि हातात टेबलाच्या खणातून काढलेली माझी, कात्रीवाली, खोडलेला गुडघा पुन्हा नीट केलेली. मी माझी लावली.

*

दालनाच्या दाराशी नकोमामा उभे होते. ते आमचे सर्वांत जुने पहारेकरी. सव्वीस वर्षं 'नको, हात नको' म्हणत आल्यामुळे शाळकरी मुलांनी त्यांना हे नाव दिलं आणि ते सगळ्यांनी उचललं. बाईंनी त्यांना आठवडाभर समजावलं होतं, की इथे लोकांना हात लावू द्यायचा. मामांनी मान डोलावली होती. पण सव्वीस वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही. ते प्रत्येक पाहुण्याला म्हणत होते, "हात—" मग गप्प व्हायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, "—लावा. पण जपून. पण नको असेल तर नका लावू."

शिक्षणाधिकाऱ्यांनी फीत कापली, पिंप फिरवलं, "चालतोय की!" म्हणाले आणि चहाकडे गेले. त्यांच्या मागून सगळे बघत होते, सगळे 'चालतोय' म्हणत होते. कुणीही दुसऱ्यांदा वाकत नव्हतं.

सासरे रांगेत उभे होते. खास इस्त्री केलेला सदरा, हातात काठी. मी बायकोमार्फत पुढे बोलावलं, पण तेही तिच्यामार्फतच म्हणाले की रांग म्हणजे रांग. त्यांचा नंबर आला. काठी बायकोकडे दिली, दोन्ही हात पिंपाच्या कडेला धरले, आणि वाकले.

एक फेरी झाली. दोन झाल्या. पिंप हळूहळू थांबलं. ते सरळ झाले आणि माझ्याकडे वळले. बायकोकडे नाही, माझ्याकडे.

"छान आहे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य, आणि ते खोटं होतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. त्यांनी काठी घेतली आणि दाराकडे चालायला लागले. पाठ अशी ताठ, की बघवेना.

मला पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की मी रांगेच्या मध्ये घुसलो आणि पिंपात हात घातला.

"हात लावू नका!" नकोमामा गरजले. त्यांच्या आवाजात आठवड्याभराची कोंडलेली वाफ होती.

"मामा, इथे हात लावायचाच आहे!"

"बाहेरून! आतून नाही. आतला हात मला सांगितलेला नाही."

नोंदणीसाहेब फाईल घेऊन आलेच होते. "मंजूर पट्टी 'चालणारा मनुष्य, अवस्था तेरा' अशी आहे," ते म्हणाले. "बदल करायचा तर अर्ज—"

"काय चाललंय?" संचालिकाबाई आल्या. मागून पत्रकार आले. चहाचा कप हातात घेऊन शिक्षणाधिकारीही आले. दाराशी सासरे थांबले.

मी इतक्या सगळ्यांसमोर कधीच बोललो नव्हतो. "बाई, पट्टी चुकीची लागली आहे," मी म्हणालो. "मी लावली. चुकून नाही, मुद्दाम. खरी पट्टी माझ्या खिशात आहे. ती माझ्या सासऱ्यांनी काढलीय. मला वाटलं, लोक हसतील."

 मी खिशातून गुंडाळी काढली आणि पुढे धरली.

बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही लावा."

नकोमामांनी सव्वीस वर्षांत संग्रहालयातल्या एकाही गोष्टीला हात लावलेला नव्हता. त्यांनी हात गणवेशाला पुसले. पुन्हा पुसले. मग माझी पट्टी अशी अलगद बाहेर काढली, की जणू झोपलेलं मूल उचलतायत, आणि सासऱ्यांची आत बसवली. नोंदणीसाहेबांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांना काही दिसलं नाही असं नंतर लिहिता येईल.

मामांनी पिंप फिरवलं आणि स्वतःच वाकून बघायला लागले. कुणाला तरी बघू द्यायचं, हे ते विसरले. मग एकदम फसकन हसले.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

मामांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुन्हा फटीत बघितलं. पुन्हा माझ्याकडे. "साहेब," ते म्हणाले, "आत तुम्ही आहात."

"असं कुणीही असू शकतं," मी म्हणालो, आणि वाकलो.

एक माणूस दारात एका पायावर उड्या मारत होता. एक बूट निघालेला, दुसरा अडकलेला. एका हाताने तो टाच ओढत होता, दुसरा हात भिंत शोधत होता. भिंत सापडायची, सुटायची, सापडायची. खांद्यावरची पिशवी घसरत कोपरापर्यंत आलेली. सदऱ्याचं मागचं टोक बाहेर. आणि त्या थरथरत्या रेघांमुळे तो जिथे थांबायचा तिथेही श्वास घेत होता, दमलेला होता, चिडलेला होता, पडता पडता तेराव्या चित्रात स्वतःला सावरत होता. मग पुन्हा पहिल्यापासून.

रोज संध्याकाळी सहा वाजता मी असा दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बघणारा एकच माणूस होता. मला वाटायचं, तो दाराबाहेर बघत बसलेला असतो.

दालनात हशा उठला. रांग मोडली. शिक्षणाधिकारी पुन्हा आले, पुन्हा वाकले, तिसऱ्यांदा वाकले. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अगदी तुमच्यासारखंच!" तो म्हणाला, "मी चपला घालतो." पत्रकाराने माझा फोटो मागितला, शक्यतो एका पायावर. माझ्या एकोणीस वर्षांच्या प्रतिष्ठेचं त्या दहा मिनिटांत काय झालं, ते मी इथे लिहीत नाही.

मी पिंप जोरात फिरवलं, एवढ्यासाठी की तो माणूस ओळखू येऊ नये. तेवढ्यात माझ्या हातावर एक हात आला. तो थरथरत होता, पण पकड घट्ट होती.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हळू फिरवा. घाई केलीत तर पडाल."

मी हळू फिरवलं.

*

आता रस्त्यात अनोळखी माणसं माझ्या बुटांकडे बघून नमस्कार करतात. पंखा विभागाने, म्हणजे वीज विभागाने, तिसरं पत्र पाठवलं आहे. आणि बाईंनी दालनासाठी दुसरी पट्टी मागितली आहे, चित्रकाराला वेगळं पत्र लिहून. ते पत्र मी 'गेलं' असं लिहिलं आणि घरी नेऊन स्वतःच दिलं.

काल संध्याकाळी सहाला मी दारात आलो. एक बूट काढला, दुसऱ्यासाठी पाय उचलला.

"थांबा," खुर्चीतून आवाज आला. सासऱ्यांच्या मांडीवर पाटी होती, पाटीवर कागद. "तसेच उभे राहा. हलू नका."

मी एका पायावर उभा राहिलो. भिंतीला हात लावावा की नाही, ते कळेना. जिन्यावरून हवामानकाका चढत होते. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि काही न बोलता वर गेले. बायको स्वयंपाकघरातून डोकावली आणि तोंडाला पदर लावून परत गेली. पोटरीत पेटका यायला लागला.

"बाबा," मी म्हणालो, "पाय खाली ठेवू का?"

पेन्सिल कागदावर खरखरत राहिली.

"अजून चार चित्रं आहेत," ते म्हणाले.